चौकटीतली पाचवी ओळ

ढाणकी, १२ डिसेंबर, संध्याकाळ

कापूस खरेदी केंद्रावर गाड्यांना नंबर देणारा प्रोग्राम माझा. नियम रोज बदलतात, म्हणून स्क्रीनवर एक चौकट ठेवली. तिच्यात जे लिहाल ते सर्व्हर कोड म्हणून उचलतो आणि लगेच चालवतो. पासवर्ड फक्त केंद्रावर काम करणाऱ्या प्रशांतदादाला दिला. ज्यानं मला कॉम्प्युटर शिकवला, त्याला नाही तर कोणाला देणार?

शेवंतामावशी तीन दिवसांपासून गाडी घेऊन रांगेत आहेत. रोज विचारतात, "पोरी, माहा नंबर मांगं मांगं काहून जाते?" मी रोज तेच सांगते, "मावशी, कॉम्प्युटर कोणाची बाजू घेत नाही."

आज चौकट उघडली. चार ओळी माझ्या. पाचवी दादाची: गाडी फुलसावंगीची असेल तर पुढे घ्या. फुलसावंगी म्हणजे त्याची सासुरवाडी!

विचारलं तर हसला. "तूच तं म्हणत होती, चौकटीत काहीबी लिहा, चालते."

म्हणत होते. पण मी चौकट विश्वासानं तुझ्या हातात दिली होती ना, दादा?

पाचवी ओळ पुसली आणि मावशींना खरं सांगायला गेले. मी तोंड उघडायच्या आधीच त्या म्हणाल्या, "आज नाई इचारत वं पोरी. तू म्हणतं तं बरोबरच असन."