पलीकडे राहिलेली पावणी

शुक्र. २२ जुलै ९४
शेजारच्या काकूंकडे पुण्याहून दादाचा फोन. त्याच्या कॉलेजात मराठी शिकायला आलेली जपानी मुलगी, मिचिको, उद्या येतेय. शनि-रवि आपल्याकडे. ‘जपून ने-आण कर, तिच्या आईला मी शब्द दिलाय.’ शब्द याने द्यायचा आणि पाळायचा मी. लहानपणापासूनची वाटणी आहे ही.
आषाढी पौर्णिमा. संध्याकाळी सगळे विहारात वंदनेला. आजपासून वर्षावास, पावसाळ्याचे तीन महिने विहारात ग्रंथवाचन. पाऊस कालपासून एक मिनिट थांबलेला नाही. घरभर ओले कपडे.

शनि. २३
आली. एवढीशी आहे, पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी. दारातच हात जोडून ‘नमस्कार. आपल्या घरी येऊन मला आनंद झाला.’ मामंजी गडगडाटी हसले. ‘बसा की पावणं, उभं का?’ त्या आवाजाने ती दचकली. मग कळलं तिला, की हे प्रेम आहे.
दुपारी तांबडा रस्सा. डोळ्यांतून पाणी, नाक लाल, तरी ‘अजून द्या’ म्हणाली. मला तिथेच आवडली.
संध्याकाळी मामंजी तिला घेऊन निघाले ‘पाणी बघायला’. मीही गेले. अख्खं शहर पुलावर, भाजलेली कणसं खात. मामंजींनी तिला पुलाच्या दगडात कोरलेला मासा दाखवला. ‘त्या माशाला पाणी लागलं की मच्छिंद्री झाली म्हणायचं. तवर कोण जागचं हालत न्हाय.’
ती म्हणाली, ‘आणि मासा चुकला तर?’
आजूबाजूचे सगळे हसले. मीही.
घरी आल्यावर हसू राहिलं नाही. पाणी गढूळ लाल, आणि आवाज असा की पुलावर बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नव्हतं. आज रात्रीच तिला पुण्याच्या गाडीत बसवावं असं वाटून गेलं. बोलले नाही.

रवि. २४
सकाळीच विलासभाऊजी दारात, डोक्यावर पोत्याची खोळ. धाकटे दीर, पुलापलीकडे गावी असतात. तिथल्या विहारात आज ग्रंथवाचन सुरू होणार. ‘जपानची पावणी ग्रंथाम्होरं मेणबत्ती लावंल तर आख्खी आळी खूश हुईल, वैनी.’ मिचिको लगेच बूट घालायला लागली.
मी म्हटलं, नदी चढतेय, नको. मामंजी: ‘मासा अजून हातभर वर हाय. उगं कशाला भ्यायचं?’ माझं कोण ऐकतंय. हे सोबत गेले, तेवढाच धीर.

दिवेलागणीला हे परत आले. एकटेच!
कार्यक्रम छान झाला म्हणे. तिने एक पान स्वतः वाचलं, अडखळत. म्हाताऱ्या बायांनी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. आणि मग ती निघाली तर जाऊबाई, कमल, आडवी आली. पुरणपोळी केल्याशिवाय सोडणार नाही म्हणाली. आळीतली सगळी तिच्या बाजूची. ‘पावणी न जेवता गेली तर आळीची काय इज्जत ऱ्हायली?’ उद्या दुपारी जेवण, मग विलासभाऊजी आणून सोडतील. ह्यांची सकाळची पाळी, म्हणून हे आले.
भांडले. चांगलंच भांडले. एवढी माया करतात आमची माणसं, की समोरच्याला श्वास घ्यायला जागा राहत नाही.
मग विचारलं, पाणी कुठवर आहे?
‘खालच्या रानात आलंय.’
खालचं रान म्हणजे आळीला लागून. गावातली सगळ्यात खोलगट जागा आमच्या आळीला मिळाली, का ते सगळ्यांना माहीत आहे. पुलावरचा मासा उंचावरच्या घरांसाठी. आमच्याकडे पाणी त्याच्या आधी येतं. हे मला लग्नानंतर मामंजींनीच सांगितलं होतं. शहरात राहून राहून तेही आता माशाकडे बघायला लागले.

सोम. २५
पहाटे रेडिओवर: राधानगरीचे दरवाजे उघडले. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी. मामंजी आणि मी पुलावर. पोलिसांनी दोर बांधलाय, पलीकडे सोडत नाहीत.
आमच्यासमोर कुणीतरी ओरडलं, ‘मच्छिंद्री झाली रं!’ शिट्ट्या, टाळ्या. दर वर्षी मीही वाजवते. आज त्या माणसाच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.
पलीकडचा रस्ताच नाही. विजेच्या खांबांची टोकं आणि एक बाभळ.
मामंजी ओल्या कट्ट्यावर बसले. ‘आपल्यात आधी येतंय पाणी. आईनं मला खांद्यावर घिऊन काढलंतं त्यातनं. मी इसरलो कसं?’ छत्री धरून उभी राहिले.
हे पाळी सुटल्यावर तसेच तिथे आले. डबा उघडलेला नव्हता.
संध्याकाळी दादाचा फोन. ‘बसली का गाडीत?’ रस्ता बंद आहे, उद्या पाठवते म्हटलं. ‘पण ती बरी आहे ना?’ हो म्हटलं. मला काय माहीत बरी आहे की नाही.
भीती वाटते. एवढंच लिहून ठेवते.

मंगळ. २६
सकाळी नावा सोडल्या. पहिल्या नावेतली माणसं आमच्याच शाळेत आणली, पाचवीच्या वर्गात. त्यांत कमल, तिची दोन्ही पोरं, आळीतली पार्वताआजी. मिचिको नाही. विलासभाऊजी नाहीत.
कमलला हुडहुडी भरलेली. नीट बोलता येईना. आळी सगळी विहाराच्या स्लॅबवर चढली. रात्र तिथेच काढली, पावसात. ‘नाव आली तवा पावणीलाच पुढं केलं, अक्का. पयला मान तिचा. तर ती हलंना. म्हनली, आजी आधी. आजीला उचलून बसवली तिनं.’
पाणी किती होतं?
‘जिन्याच्या वरच्या पायरीवर.’
हे ऐकत होते. उठले आणि दुसऱ्या नावेत जाऊन बसले. मला विचारलं नाही. पोहता येत नाही ह्यांना.

दुपार टळली. दुसरी नाव आलेली नाही. तिसरी अर्ध्यातून फिरवली, ओढ फार आहे म्हणाले. काठावरचे नावाडी ‘यील की, वैनी’ म्हणतात, पण माझ्याकडे बघत नाहीत. मामंजी तिथेच उभे आहेत, छत्रीही उघडत नाहीत.
वर्गात येऊन कमलच्या पोरांना चहात पाव बुडवून दिला. काहीतरी बोलायचं म्हणून तिला विचारलं, जेवली तरी का गं ती पोरगी, पुरणाचं?
कमलने धाकट्याचं तोंड पुसलं.
‘कुठलं वो, अक्का. डाळ शिजत हुती तवाच चुलीत पाणी आलं.’
पाऊस जरा कमी वाटतोय. पुन्हा काठावर जाते.