काळ्या दगडातलं तेल

६ मे १९३४, रेवदंडा
पोचलो. आय नुसतं "किती वाललास" म्हणाली आणि तोंड फिरवलं. अंगणभर सुकत घातलेले बोंबील. ब्रह्मदेशात, तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत, इतकी वर्षं याच वासासाठी जीव कासावीस व्हायचा. शाळेत असताना मात्र याचीच लाज वाटायची!

९ मे
नारळवाले अलीमियाँ वाडीत विहीर खणतायत. तळाला काळा, पापुद्र्यांचा दगड लागलाय. असला दगड दिसला की आमचा साहेब जेवण विसरतो — समुद्रातले बारीक जीव चिखलात गाडले जातात, चिखलाचा दगड होतो, आणि त्यातूनच पुढे तेल सुटतं. पाटीभर तुकडे आणून ओटीवर वाळत टाकले. आयला म्हटलं, "यात तेल निघालं तर कंपनी इथं येईल. मग मी इथंच राहीन." ती मासळी साफ करत होती. ऐकलं की नाही, कोण जाणे.

१० मे
दुपारभर शेजारच्या कान्हादादाच्या होडीच्या सावलीत लोळलो, लहानपणी दोघे लोळायचो तसा. परत जायचं नाही मला.

१३ मे
दगड कुटून सोबत आणलेल्या, तेल विरघळवणाऱ्या बेंझॉलमध्ये भिजवला, गाळला — उतरलेला द्रव पिवळाजर्द! बेंझॉल उडून गेल्यावर बशीत तेलाचा थर राहिला. ब्रह्मदेशातही असा दगड पाहिला नाही. उद्या अलिबागला जाऊन साहेबाला तार.

१४ मे
तार केली नाही. आधी दगड आतून पाहावा म्हटलं. एक तुकडा काचेवर घासून घासून पारदर्शक केला, पेटीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आत झाडापाल्याचा कोळसलेला चुरा, थोडे परागकण. तेल देणारं काहीच नाही. मग तेल आलं कुठून? दुसऱ्या तुकड्याची साल वेगळी भिजवली, गाभा वेगळा. सालीचा द्रव पिवळा, गाभ्याचा पाण्यासारखा. साल नाकाशी नेली — मुशी माशाचं तेल! होडीला चोपडतात ते. सगळं घरच त्या वासाचं, मला कळणार कसं?

कान्हादादा हसत सुटला. "दगराला भेगा परल्या असतील, कोनी लावला आसंल. लाकराला लावतांव तसा."

मला हसू आलं नाही. पुढच्या महिन्यात ब्रह्मदेशची आगबोट.

१५ मे
आयला विचारलं, भेगांना तेल तू लावलंस का. तिनं कोयतीवरून मान वर केली नाही. "मीच लावला. भेगांसाठी न्हाय. तूच बोल्लास ना, तेल निंगाला तं रेशील."

मग हळूच म्हणाली, "कमी परला काय रं?"