एकटा वर आलेला

प्रिय सम्राट,

मुडशिंगीहून चिमणाआज्जीचा आशीर्वाद. माझी अक्षरओळख नाही हे तुला ठाऊकच आहे. मी बोलते, सून रूपाली लिहिते. माझं बोलणं ती शाळेतल्यासारखं धुऊन घेते, घेऊ दे. अनेकांतची आई ती, तुझं नाव लिहिताना हात अडला तिचा. तरी लिहिलं.

पन्हाळ्यावर हॉटेलात कामाला लागलास म्हणे. समुद्राच्या तळाला जाणारा गडी डोंगरावर चढून बसला! मालवणच्या समुद्रात सिमेंटचे ठोकळे सोडायचे आणि त्यांवर माशांनी संसार मांडला का, ते पाठीला हवेची टाकी बांधून बुडी मारून बघायचं, ही तुम्हा दोघांची, तुझी नि अनेकांतची, नोकरी. आम्ही पाणी गाळून पिणारी माणसं, आणि आमचा नातू माशांना घरं बांधून देतो. वास्तुशांतीला जेवायला काय करता रे, असं मी विचारायची. तो हसायचा. चेष्टा सोसणारं पोर होतं.

त्या दिवशीचं तू उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगितलंस. पाणी गढूळ, स्वतःचा हात दिसेना, खालून ओढ जबर. ठोकळ्याला गुंतलेल्या फाटक्या जाळ्यात अनेकांत अडकला. तू जाळं कापत राहिलास, हवा संपत आली तेव्हा वर आलास, दुसरी टाकी घेऊन परत उतरलास. तोवर उशीर झाला होता. माझ्या लेकानं, वर्धमाननं, यातलं एवढंच ऐकलं की तू वर आलास. तुला आत घेतलं नाही. मी आतच होते.

परवा कागलहून पावणं आलं, तुझ्या सोयरिकीची चौकशी करायला. वर्धमान म्हणाला, "साथीदाराला पाण्यात सोडून आलेला हाय त्यो. पोरगी द्यायची का न्हाय, तुमचं तुम्ही बघा." मी शेंगा फोडत बसले होते. फोडतच राहिले. पावणं चहा न घेता उठलं.

रूपाली, आता पुढचं धुऊ नकोस, जसंच्या तसं लिही. त्या सकाळी अनेकांतचा मला फोन आला होता. पाणी वाईट आहे, सम्राट नको म्हणतोय, मलाही धीर होईना, आज घरीच येतो म्हणाला. मी म्हटलं, "ये की. बांगड्या भरायला कासार बोलवून ठेवतो." चेष्टाच ती. पण तो हसला नाही. फोन ठेवला. तुझं न ऐकता तो का उतरला, हे तुला आजवर कळलं नसेल. आणि त्याला एकटं सोडायचं नाही म्हणून तू मागनं उतरलास.

लेखणी बराच वेळ थांबली होती. आता परत चालतेय. शेजारच्या पोरीकडून लिहून घेता आलं असतं मला. पण रूपालीला तोंडावर सांगायला दोन वर्षं जीभ उचलली नाही, एरवी कधी न थकणारी. हे पत्र कागलला ने आणि पावण्यांच्या हातात दे, म्हणून लिहवून घेतलं. माफी मागत नाही. तू देशील, आणि मला ती नको आहे. लिहून झालं की रूपाली उठेल, वर्धमानला सांगायला जाईल. मी इथंच बसून राहते.

तुझीच म्हणवायला तोंड नसलेली,
चिमणाआज्जी