घरगुती बाब

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या ओट्यापासून गल्लीच्या तोंडापर्यंत माणसं उभी होती आणि जो तो म्हणत होता, वैद्यबुवांच्या हाताला काय गुण होता! मी ऐकून घेतलं. मला दिसत होती अमरावतीच्या आपल्या स्वयंपाकघरातली वहिनी, चुलीपाशी पदर तोंडात कोंबून खोकला दाबणारी. तुमच्या स्वतःच्या सुनेला क्षय झाला आणि तुम्हाला काळजी पडली ती दारावरच्या पाटीची.

मोठ्या दवाखान्यात जाऊन ती चोरून सुया घेत होती. तीन आठवडे झाले होते, तोंडावर जरा रंग आला होता. मग ते तुम्हाला कळलं. तुम्ही पाटावर बसला आहात, ती वाढते आहे आणि तुम्ही ताट सरकवून म्हणता, "वैद्याची सून दवाखान्याच्या रांगेत! उद्या माझ्या ओट्यावर औषधाले लोक काहून येतीन?" ती तिवशाकडची, बोलायला एरवी फटकळ, पण त्या दिवशी तिनं हात जोडले. "मामाजी, महिनाभर घेऊ द्या ना. मले बरं वाटून राहिलं." सुया उष्ण पडतात, बंद कर, अडुळशाचा काढा घे, म्हणालात. दादा मान खाली घालून भात कालवत बसला. नवरा म्हणे! पोळ्याच्या आत ती गेली. भेटायला आलेल्यांना तुम्ही सांगितलंत, पथ्य मोडलं, अंबाडीची भाजी खाल्ली. भाजीनं मेली, बाबा?

मी तेव्हा शाळेत नवी मास्तरीण होते. तुमची नोंदणी ज्या वैद्य मंडळात होती, त्याच्याकडे मी तक्रार लिहिली, खाली स्वतःची सही ठोकून: यांचं नाव कमी करा, नाहीतर आणखी बायका मरतील. मंडळानं नियमाप्रमाणे तिची नक्कल खुलाशासाठी तुमच्याकडेच पाठवली. तुम्ही मला हाक मारलीत. मी दाराला धरून उभी, आता मारतात की काय! तुम्ही नुसती लाल शाईची दौत पुढे ओढलीत आणि माझ्या तक्रारीतल्या ‘मृत्यू’ शब्दाभोवती गोल काढलात. "मृत्यु ऱ्हस्व असतो. मास्तरीण म्हणवतेस?" शुद्धलेखनाचे नवे नियम नुकतेच आले होते, त्यात तो दीर्घ झाला होता. आणि मी मूर्ख, त्यावरून तुमच्याशी तासभर भांडले. वहिनी राहिली बाजूला.

खुलासा तुम्ही एका ओळीत लिहिलात, रुग्णाने पथ्य पाळले नाही. मंडळाचं उत्तर आलं, बाब घरगुती आहे, सबब विचार करता येत नाही. ते तुम्ही दादासमोर मोठ्यानं वाचलंत आणि मला विचारलंत, "झालं समाधान?" तुमचा ओटा मरेपर्यंत चालला. मी अकोल्याची शाळा धरली आणि दिवाळीलाही फिरकले नाही.

आता तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयाहून मोठी झाले आहे. माझ्या बापानं मारली तिला, असं मी आयुष्यभर सांगत आले आणि त्यातलं एक अक्षर मागे घेणार नाही. पण तक्रारीत एक गोष्ट मी घातली नव्हती. मला पाहून गेलेल्या स्थळाचा नकार आला, तेव्हा वहिनी हसली होती. कशाला हसली ते विचारलंही नाही. त्याच संध्याकाळी ओट्यावर येऊन सुयांचं तुम्हाला मी सांगितलं. खुलाशात तेवढं एक वाक्य टाकलं असतंत तर माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. तुम्ही टाकलं नाहीत, कोणाजवळ बोललाही नाहीत. खरं सांगायचं तर त्याचे आभार मानायला हे लिहायला बसले होते, आणि ते काही केल्या लिहवत नाहीत.