परतीची सही

२ जानेवारी
बदली म्हणजे शिक्षा, असं सगळे म्हणत होते. आज खोलीचे पडदे सरकवले आणि त्या सगळ्यांची कीव आली. खिडकीतून सबंध डोंगर दिसतो, वरचा कडा बर्फाने पांढराफटक. घरमालकीण बोलकी आहे, न मागता दोन जादा पांघरुणं देऊन गेली. बँकेतलं कामही सवयीचंच, सह्या जुळवून पाहायच्या. कॅशियर सांगत होते, डोंगरावर जायचं तर पायथ्याच्या चौकीतल्या वहीत जाताना एक आणि परतल्यावर एक सही करावी लागते. शेवटची परतीची सही झाली की चौकीदार लाल निशाण उतरवतो. दिवस मावळला तरी निशाण वरच राहिलं, तर माणसं दोर घेऊन निघतात. मला ही पद्धत फार आवडली.

९ जानेवारी
कॅशियरच्या मंडळींबरोबर कड्याला निघाले आणि अर्ध्यातूनच धापा टाकत मागे फिरले. घरी फोनवर मात्र शिखर गाठल्याची थाप ठोकून दिली. धाकटी नणंद, आमची चिमणी, भलतीच हरखली. पुढच्या आठवड्यात येतेय, वहिनी मलाही ने, म्हणाली.

१५ जानेवारी
चिमणी आली. जन्मात साधी टेकडी चढलेली नाही, बूटही गुळगुळीत तळव्यांचे. घरमालकीण म्हणाली, हिला तळ्याकाठच्या वाटेने न्या, सपाट आहे, आणि कडा तिथूनही छान दिसतो. बरोबरच होतं तिचं. पण चिमणी माझ्याकडे अशा कौतुकाने बघत होती की मी बोलून गेले, तळ्यावर काय म्हातारी माणसं जातात, आपण कड्यावरच जाऊ, मला वाट पाठ आहे. तू आहेस म्हणजे मी निर्धास्त, असं म्हणाली ती.

१६ जानेवारी, संध्याकाळ
लिहितानाही लाज वाटतेय. अर्ध्या वाटेवरच्या मोठ्या सपाट दगडापाशी ती घसरली, पाय मुरगळला, रडकुंडीला आली. पुढची वाट मला सापडत नव्हती, आणि ते तिला कळू नये म्हणून मी तिच्यावरच खेकसले. इथेच बस, मी पुढे बघून येते, म्हटलं. परत आले तर दगडावर कुणी नव्हतं. कंटाळून उतरली असेल, असं मी धरून चालले. चौकीदाराने आतून चहा गाळता गाळता विचारलं, दोघी आलात ना. मी हो म्हटलं. पाहुणी पोर वर टाकून आले, हे कुठल्या तोंडाने सांगणार? माझी सही केली आणि खाली तिचीही. हुबेहूब जमली. निशाण उतरलं.
ती घरी आलेली नाही.

१७ जानेवारी
पोलिसांनी बसस्थानक, लॉज, सगळं पालथं घातलं. डोंगरावर कुणी गेलंच नाही. वहीत तिची परतीची सही आहे ना. नवरा आलाय, उलट मलाच धीर देतोय. दहादा तोंड उघडलं आणि दहादा मिटलं. वर बर्फ पडतोय.

१८ जानेवारी
आज पोलिसांना सांगायचंच, असं ठरवून बँकेत गेले. माझ्या टेबलावर एक कोरी स्लिप होती, ओली, बर्फासारखी गार. तिच्यावर नुसती माझी सही. मी केलेली नव्हे, नक्कल, तीही कच्ची. शेवटचा फराटा चिमणी ओढते तसा वर वळलेला. कॅशियर म्हणाले, सकाळपासून इकडे कुणी आलं नाही. मी ती फाडून टाकली. पोलिसांकडे गेले नाही.

१९ जानेवारी
आज पुन्हा. कालच्यापेक्षा बरी जमलीय. कागदातून पाणी ठिबकत होतं.
नवऱ्याने विचारलं, उतरताना ती काय बोलत होती. हसत होती, म्हटलं मी. माझी मलाच किळस आली.

२० जानेवारी
आजची सही माझ्या सहीशेजारी ठेवली. भिंगाखाली पाहिली. खोट सापडत नाही. कुठली माझी, ते आता मलाच—
उद्या मी स्वतः जाऊन तिला आणते. कुणाला काही सांगायला नको.

२१ जानेवारी
दगडापाशी बसलेय. ऊन उतरलं. चौकीत सांगणार होते, पण चौकीदाराने वर पाहिलं आणि मी नुसती जाण्याची सही केली.

दगडामागे उतार आहे. खाली, बर्फात तिचा एक बूट. त्या दिवशी मी इथे वाकून बघितलंच नाही. हाकसुद्धा मारली नाही.

बुटाकडे जाताना पाय मुरगळला. कशीबशी वर आले. चालवत नाही. इथून चौकी स्वच्छ दिसते. निशाणही. त्या दिवशी ते उतरताना तिनेही बघितलं असेल. तेव्हा ती जिवंत—

माझी परतीची सही झालेली नाही. म्हणजे माणसं येतील. दोर घेऊन येतील, मग सगळं सांगेन, नवऱ्यालाही—

निशाण हललं. वारा असेल.

वारा नाही. उतरतंय. अहो, मी इथे आहे, सही मी नाही के—