बटण कोणी दाबलं?

३ मार्च, सोमवार

उडवला! अख्खा लेख उडवला! काल दुपारभर शिलाईचं दुकान बंद ठेवून बाबांच्या फिरत्या पुलावर लेख चढवला — त्या इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात, ज्यात म्हणे कोणीही लिहू शकतं. सकाळी बघते तर पान कोरं. खाली कोणा संपादकाचा निरोप : "मजकूर जसाच्या तसा एका स्मरणिकेतून घेतलेला आहे. प्रताधिकाराचा भंग होत असल्याने काढला."

प्रताधिकार! पूल जन्मभर बाबांनी फिरवला, स्मरणिका आमच्या कपाटात, टाइप करून बोटं माझी मोडली — आणि हा कोण कोतवाल?

हे म्हणाले, "अगं पण स्मरणिका हेडमास्तरांनी लिहिली होती ना?" मी म्हटलं, तुम्ही चहा घ्या.

४ मार्च

कोतवालाला चकवायचं ठरवलं. 'भव्य'चं 'प्रचंड' केलं, 'लोकांची वर्दळ'ची 'माणसांची ये-जा'. वाक्यांची शेपटं पुढे आणली, डोकी मागे ढकलली. चढवला.

४ मार्च, संध्याकाळ

उडवला.

६ मार्च

कोतवालाशी भांडले, लेखी. तो भलताच सभ्य निघाला, त्यामुळे भांडणाला रंग चढेना. म्हणतो, "माहिती कोणाच्या मालकीची नसते. ती जरूर घ्या, कुठून घेतली ते सांगा. वाक्यं मात्र हेडमास्तरांची आहेत. शब्द बदलून ती तुमची होत नाहीत."

दुपारी एका फ्रॉकच्या बाह्या उसवत बसले होते, तेव्हा आठवलं. समोरच्या टेलरने माझा फ्रॉक उचलला होता — फक्त बटणं बदलून खिडकीत टांगला! मी रस्त्यात उभी राहून ओरडले होते, "बटणं बदलली म्हणजे कट तुझा झाला काय रे?" सगळा बाजार गोळा झाला होता.

जाऊ दे. पुन्हा लिहिते. माझ्या शब्दांत.

८ मार्च

राहिला! लेख राहिला!

स्मरणिका मिटून ठेवली आणि लिहिलं. बोट आली की पूलवाला घंटा वाजवायचा, दोन्हीकडची फाटकं लावायचा, मग ते थोरलं चाक फिरवायचा आणि अख्खा पूल कुरकुरत बाजूला वळायचा. मग आकडे तपासायला स्मरणिका उघडली आणि खाली तिचं नावही दिलं. कोतवालाने 'छान' असा शेरा मारलाय. मी तो उगाच दोन-तीनदा वाचला.

फोटोही लावला. बाबा चाकापाशी, शेजारी आई, कठड्याला धरून दादा, कडेला अर्धं डोकं कापलेला मामा आणि मागे उघडलेल्या पुलातून जाणारी बोट. सगळ्यांच्या नाकपुड्या दिसतात, पण सगळे खदाखदा हसतायत. हसरे बाबा या एकाच फोटोत. पूल तर केव्हाच भंगारात गेला. मी मेली त्यात नाहीच! तेव्हा सहा वर्षांची होते, मला कोण विचारतो. आईला कितीदा म्हटलं, मी का नाही गं यात? तिचं ठरलेलं उत्तर — "असशील तिथेच कुठेतरी."

आईचे डोळे चाललेत. डॉक्टर म्हणाले, काय दाखवायचं ते आत्ता दाखवून घ्या. तिचा एकच हट्ट : "तुझ्या बाबांना एकदा त्या कोशात बघू दे. सगळ्या जगाला दिसतात तिथे." पुढच्या रविवारी दादा तिला घेऊन येणार आहे.

१० मार्च

कोतवाल पुन्हा हजर. "फोटो कोणी काढला? ज्याने काढला, हक्क त्याचा. त्याची किंवा त्याच्या वारसांची परवानगी हवी. नाहीतर शनिवारी काढावा लागेल."

मी लिहिलं, अहो, आमच्या अल्बममधला आहे! उत्तर आलं, "अल्बम तुमचाच आहे."

मामाला फोन लावला. "कॅमेरा माझा, रीळ माझं, फोटो माझा! ठळक अक्षरात लिही!" लगेच कळवलं. तर कोतवाल विचारतो, "कॅमेरा कोणाचा ते सोडा. बटण कोणी दाबलं? मामा तर फोटोत दिसतायत." कपाळाला हात लावला.

११ मार्च

मामा : "टायमर लावून धावत आलो! म्हणून तर डोकं कापलं गेलं!"

दादा : "टायमर? त्या डबड्याचं झाकण रबराने बांधलेलं होतं! टायमर कसला डोंबलाचा! बोटवाल्याने काढला असेल."

मग दोघं भांडले, मला मध्ये घालून. याचं त्याला सांग, त्याचं याला सांग. शेवटी मामाने जाहीर केलं की आता तुमच्या घरची पायरी चढणार नाही. मी म्हटलं, मामा, शनिवारच्या आत ठरवा काय ते.

१३ मार्च

बोटवाला सापडला! लेकीकडे राहतो. दात एक नाही, आवाज मात्र खणखणीत. फोटो हातात घेतला आणि हसतच सुटला. "बाई, मी कसा काढणार? ती मागची बोट बघा. टोपी घातलेला मीच की! पूल माझ्यासाठीच उघडला होता!"

घ्या. म्हणजे तिथे जे कोणी हजर होते, ते झाडून सगळे फोटोत. मग काढला कोणी, भुताने? हे म्हणतात, "भुताच्या वारसांकडून परवानगी आण." यांना आज जेवायला वाढलं, हाच माझा मोठेपणा.

१४ मार्च

मामाचं नाव ठोकून द्यावं असं मनात आलं. टाइपही केलं. कोतवाल काय, विश्वास ठेवणारच. पण समोरच्या टेलरची ती खिडकी डोळ्यांपुढे आली. खोडलं. खरं ते लिहिलं : कोणी काढला ते माहीत नाही.

"वाईट वाटतं. उद्या काढतो," म्हणाला. त्यालाही वाटलं असावं, उगाच नाही म्हणायचा.

मशीनवर बसून रडले. गिऱ्हाइकाच्या पँटवर.

१५ मार्च

काढला. बाबांच्या जागी करडा चौकोन. उद्या आईला काय दाखवू?

१६ मार्च, रविवार

आईला सगळं सांगितलं. बोटवाल्यापर्यंत सगळं. ती फोटोकडे न बघताच म्हणाली, "अगं, तूच काढलास की! सारखी विचारत होतीस, दाबू का, दाबू का? आणि तुझे बाबा हसत ओरडत होते, आधी भिंगावरचं बोट काढ!"

मी किंचाळले — मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?

"फोटो कोणी काढला, हे तू विचारलंस कधी? मी का नाही, मी का नाही, हेच तुझं रडगाणं."

मामाचं डोकं मी कापलं!

संध्याकाळी परवानगी दिली. माझी मीच. कोतवालाने लगेच फोटो परत लावला. आई आता पडद्याला नाक लावून बसली आहे आणि मी तिच्या खांद्यावरून बघतेय. बाबा माझ्याकडे बघून हसतायत.