शिशीतले जंत अन् विहिरीतला नारू

१२ डिसेंबर ६७
आज पुन्हा पत्तागोबीचे रोपं बुडातून कापलेले. वरच्या वाफ्यात तं कोणी विळा फिरवल्यासारखे आडवे पडले होते. माती उकरली की काळी अळी मुटकुळं करून बसलेली. दिवसा मातीत झोपा काढते अन् रातच्याले जेवाले बाहेर. वेचून वेचून कंबर गेली.
नामदेवदादा बांधावरून म्हणे, "पावडर टाक बे, मुहूर्त काय पाहून राह्यला?" थोरला भाऊ, उलट बोलता येत नाही.
पावडर नाही टाकणार. गेल्या साली मारली, दुसऱ्या दिवशी शांता त्याच वाफ्यात निंदाले बसली. सांजेले घरी आली तं उलट्या, हातपाय थरथर. दवाखान्यात नेली म्हणून वाचली. बायको घालवून गोबी नाही पाहिजे. अन् गोबीही सोडणार नाही.

१५ डिसेंबर
शेतकीसाहेब सायकल हाणत आले. अळ्या पाहिल्या, कापलेले रोपं पाहिले. म्हणाले एक नवीन उपाय आहे, अकोल्याकडे प्रयोग चालू आहे. डोळ्याले न दिसणारे बारीक जंत. अळीच्या अंगात शिरतात, आतून तिले मारतात. माणसाले, बैलाले काही करत नाहीत. "तुमच्या वावरात करून पाहायचं का?"
मी लगेच हो म्हणालो. शांता म्हणे, "अळ्या काय कमी होत्या, आता जंत बोलावून राह्यले."

२२ डिसें.
शिशी आली. ओल्या फडक्यात गुंडाळलेली, आत ओला स्पंज अन् ताकाच्या निवळीसारखं पाणी. शे.सा. नी काचेवर थेंब टाकला अन् भिंग दिलं. पांढरे पांढरे दोरे वळवळून राह्यले. मले तं अंगावर काटा आला. पण पाहत बसलो.
यांचे नखरे लय. ऊन लागलं की मेले. सांज झाल्यावर झारीनं टाकायचे, अन् मग माती सुकू द्यायची नाही. म्हणजे मोट रोज चालली पाहिजे. बैलजोडीतला एक बैल माझा, एक दादाचा. विहीर दोघांची, पण पिण्याचं पाणी गावातले लोकही तिथूनच नेतात.
आधी बरणीत पाहतो. ओली माती, मूठभर अळ्या, चमचाभर ते पाणी. शांतानं बरणी घरात घेऊ नाही दिली. गोठ्यात ठेवली.

२४ डिसें.
बरणीतल्या अळ्या मेल्या. मऊ, बदामी पडल्या, हात लावला तं लोळागोळा. शांताले दाखवल्या. पदर नाकाले लावून बराच वेळ पाहत होती. मग म्हणे, "निंदाले बसलं तं चालंल ना मंग?" म्हटलं चालंल. "मंग टाका."
उद्या सांजेले टाकतो.

२५ डिसें.
नाही टाकले. गावात बोंब झाली, गणपतनं जंताची शिशी आणली, विहिरीवर ठेवून राह्यला. दादा लंगडत आला. शिशी पाहिली. हात नाही लावला.
त्याचं काय चुकलं. उन्हाळ्यात त्याच्या पोटरीतून नारू निघाला तवा मीच काडीले गुंडाळून रोज थोडा थोडा ओढत होतो. एक दिवस तुटला. पाय भोपळ्यासारखा सुजला. सगळी पेरणी त्यानं खाटेवरून पाहिली. अजून टाच टेकत नाही.
म्हणे, "तो बी पांढरा दोराच होता ना, गण्या?"
म्हटलं, "दादा, हे अळीचे जंत आहेत. माणसाचे नाही."
"तुले कोणं सांगतलं?"
"शेतकीसायबानं."
"सायबाच्या पायातून निघाला होता का?"
त्यानं मोटेचा बैल सोडला अन् घेऊन गेला. मले राग आला. त्याच्यावर, अन् थोडा सायबावरही.

२७ डिसें.
दोन दिवस मोट बंद. वाफे भेगाळून राह्यले. अळी मजेत आहे. शिशी रांजणाजवळ गारव्याले ठेवली, पण सायब म्हणाले लय दिवस नाही राहणार.
सांजेले शिशी घेऊन दादाच्या अंगणात गेलो. वहिनी चुलीपाशी, ओट्यावर शेजारचे दोघं-तिघं. दादा म्हणे, "इथंबी आणली?" मले काय झालं कोण जाणे. बूच काढलं अन् एक घोट पिलो. सगळ्यांसमोर. चव काही नाही, डबक्याच्या पाण्यासारखी.
वहिनीची भाकर तव्यावर तशीच राह्यली. म्हटलं, "आता पाहा, मले काय होते ते."
दादा हळूच म्हणे, "आज काय पाहू बे? नारू पाण्यातून पोटात जाते अन् वर्षानं निघते. पुढच्या साली पाहीन."
हे माह्या डोक्यातच नव्हतं.
घरी शांता बोलत नाही. एकदाच बोलली, "अक्कल विकून आले का बाजारात?"

२८ डिसें.
सकाळी पाहतो तं दादाचा बैल माझ्या गोठ्यासमोर बांधलेला. वहिनी निरोप घेऊन आली, "तुमचे दादा म्हणते, भाऊ येडा हाय, पण गोबीनं काय केलं. मोट हाका. झारी विहिरीत बुडवाची नाही. अन् तुमची गोबी आमच्या घरात येणार नाही."
कबूल. सगळं कबूल. दिवसभर मोट हाकली, वाफे भिजवले. ऊन उतरल्यावर मी अन् शांता झारी घेऊन वाफ्यावाफ्यानं. मधात मी म्हटलं, बोल ना काही. म्हणे, "पुढचा वाफा."

४ जानेवारी ६८
शे.सा. आले. पिलो म्हटल्यावर कपाळाले हात लावला. "अहो, काही होत नाही हे खरं आहे, पण प्यायला कोणी सांगितलं होतं?"
खालच्या वाफ्यात माती उकरली की मेलेल्या अळ्या. नवीन कापलेलं रोप क्वचित. वरचे वाफे बांधालगत लवकर सुकतात, तिथं जंत चालले नाहीत. तिथली गोबी गेली. खालची उभी आहे. मले वाटलं होतं नाचीन, पण सायबासोबत चहा पिऊन गोठ्यात शेण काढाले गेलो.

१९ जाने.
आज दवाखान्यातला कंपाउंडर बाजारात भेटला. मागं दादाच्या पायाले तोच मलमपट्टी करत होता. म्हणे, नारूचा पाय विहिरीच्या पायऱ्यांवरून पाण्यात गेला की बीज विहिरीत. तेच पाणी लोक पितात. दुपदरी फडक्यानं गाळून प्या, उन्हाळ्यातही सांगितलं होतं, तुम्ही ऐकत नाही.
घरी येताना डोक्यात एकदम उजेड पडला. त्या विहिरीचं पाणी मीही पितो. दादाही उन्हाळ्यात ठणकणारा पाय गार वाटते म्हणून त्याच पायऱ्यांवरून पाण्यात सोडून बसायचा. उद्या माह्या पायातून नारू निघाला तं तो विहिरीचा का शिशीतला, कोण सांगणार? सगळे शिशीचंच नाव घेतीन. मग या गावात ती शिशी पुन्हा येणार नाही, अन् अळी आली की पुन्हा पावडर. शांता पुन्हा त्या वाफ्यात.
नारू निघू द्यायचा नाही. बस.

२० जाने.
शांतानं जुन्या लुगड्याचं दुपदरी फडकं शिवलं. घागरीवर बांधून गाळायचं. वावरात जातानाही गाळलेलं पाणी सोबत. आजपावेतो जे पिलो ते पिलो.
दादाले म्हटलं तुम्हीही गाळा. "आबानं असंच पिलं, नव्वदीले गेला." म्हटलं मग पायऱ्या तरी बुजवू, वरून दोरानंच शेंदू. "आबानं बांधलेल्या पायऱ्या तुह्या शिशीसाठी बुजवू?" उठून गेला.

८ फेब्रु.
गोबी धाड गावच्या बाजारात नेली. बरी गेली. एक चांगला गड्डा वहिनीले नेऊन दिला, त्यांनी घेतला नाही, पण पाणी देताना पाहिलं, त्यांच्या घागरीवरही फडकं.

११ मे
पाणी खाली गेलं. लोक पायऱ्या उतरून भरतात. मी अन् शांतानं वरच्या पायरीवर बोरीचे काटे टाकले, बाजूले दोर-बादली ठेवली. दोन बाया मले शिव्या देऊन गेल्या. एक माणूस म्हणे, स्वतः जंत पिते अन् आम्हाले पाणी शिकवते. खरंच आहे त्याचं. काटे काढले नाही.
सकाळी पाहिलं तं काटे कोणी बाजूले सारले होते. पुन्हा टाकले.

२ जुलै
गावात औंदा तिघांले नारू. दादाले नाही, मले नाही. ओट्यावर मले पाहिलं की सगळ्यांची नजर आधी पायाकडे जाते. मी धोतर वर खोचूनच फिरतो. पाहा म्हणावं.

१० डिसें. ६८
गोबी लावली. अळी आली. शे.सा. ले निरोप दिला, शिशी १३ ले येते. या खेपेले वरच्या वाफ्यांवर उसाचं पाचट टाकून ओल धरतो. एकही वाफा सोडणार नाही.

११ डिसें.
डाव्या घोट्याच्या वर खाज. बोट लावलं तं कातडीखाली लांबट, टणक काहीतरी. काटा असंल. बोरीच्या काट्यात उन्हाळाभर पाय घालून राह्यलो, काटाच असंल. पण त्या जागी काटा बोचल्याचं आठवत नाही.
शांतानं दिवा जवळ धरून पाहिलं. म्हणे, "धोतर खाली सोडा. परवा शिशी टाकून होऊ द्या, मंग सांगा कोणाले सांगाचं ते." तिचं बरोबर आहे. तिच्यासाठीच तं चाललं सगळं. भीती वाटून राह्यली, हे इथं लिहून ठेवतो.

१२ डिसें.
नाही राह्यवलं. सकाळीच दादाकडे गेलो अन् त्याच्या खाटेवर पाय ठेवला. म्हटलं, "वर्ष होत आलं. पाहा."
त्यानं बराच वेळ पाहिलं. अंगठ्यानं दाबलं, वर-खाली चाचपलं. त्याच्याएवढं हे गावात कोणाले कळते. वहिनी दारात उभ्या होत्या.
म्हणे, "आताच सांगता येत नाही. काटाबी असंल. फोड आला तं कळंल."
"अन् नारूच असला तं?"
त्यानं माह्या धोतराचा सोगा खाली सोडला. म्हणे, "शिशी उद्याच येते ना?"
"हाव."
"मंग तू उद्यापासून विहिरीवर येऊ नको. तूच सांगतलं होतं ना गावाले, असा पाय पाण्याजवळ न्यायचा नाही म्हणून. बांधावर बस अन् कोणता वाफा ते सांग. मोट मी हाकतो, झारीबी मीच धरतो."
सांजेले झारी त्याच्याच अंगणात नेऊन ठेवली.